ई-रीडरचे आठ महिने: पुस्तकं घेतली, पण देता येईनात

यंत्राबद्दल काही तक्रार नाही. डोळे दुखत नाहीत, एकदा चार्ज केलं की कित्येक दिवस बघावं लागत नाही, प्रवासात बॅग हलकी. तक्रार आहे ती आतल्या पुस्तकांबद्दल.

माझा हिशोब साधा होता. कागद नाही, छपाई नाही, टपालखर्च नाही, म्हणजे पुस्तक स्वस्त. कॉपीराइट संपलेल्या जुन्या पुस्तकांपुरतं ते खरं निघालं, ती फुकटच मिळतात. नवी मात्र छापील प्रतीच्या आसपास, एक तर पेपरबॅकपेक्षाही महाग. तरी घेतली.

मग बहिणीने एक कादंबरी मागितली. सवयीने ‘देते की’ म्हणून बसले आणि मग बटण शोधत राहिले. नाहीच! शेवटी अख्खं यंत्रच तिच्या हाती दिलं. कादंबरी एक, पण तीन आठवडे माझी बाकीची चौदा पुस्तकंही तिच्याकडे. आपण घेतो ते पुस्तक नसतं, वाचायचा परवाना असतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं. कॅलिफोर्नियात तर 2025 पासून ‘विकत घ्या’ म्हणताना हे ग्राहकाला स्पष्ट सांगणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

म्हटलं, वाचनालयाचं ई-बुक घेऊ. तिथे वेगळीच तऱ्हा. फाइलच्या हव्या तितक्या प्रती निघतात, पण परवाना एका वेळी एकाच वाचकाचा, म्हणून रांग. हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने 2011 मध्ये वाचनालयांना अट घातली की 26 वेळा दिल्यावर परवाना संपणार, पुढे द्यायचं तर पुन्हा पैसे भरा. कारण काय, तर छापील पुस्तकही फाटतंच! (फाटलेलं पुस्तक निदान बाइंडिंग करून चालवता येतं.) काही प्रकाशक वेळा मोजत नाहीत, दोन वर्षं मोजतात. माझा नंबर लागला तेव्हा 31 पानं उरली असताना मुदत संपली आणि पुस्तक आपोआप गायब. छापील असतं तर दोन दिवसांचा दंड भरून संपवलं असतं. पुन्हा नाव नोंदवलं, एकोणिसावा नंबर.

आता एकदा वाचून सोडायचं ते ई-रीडरवर, कुणाला द्यावंसं वाटेल ते कागदावर. बहिणीची ती कादंबरी पुन्हा पैसे मोजून छापील घेतली. सध्या ती तिच्या मैत्रिणीकडे आहे. दोन महिने झाले, परत आलेली नाही.