एक घर, तीन छपरं आणि शिडीची वही

आमचं घर एकदम बांधलेलं नाही, गरजेप्रमाणे वाढत गेलेलं आहे. मधला भाग कौलारू, मागच्या पडवीवर पत्रा आणि नंतर काढलेल्या दोन खोल्यांवर स्लॅब. त्यामुळे एकाच उन्हापावसात तीन छपरं शेजारी शेजारी कशी म्हातारी होतात, हे मी २४ वर्षं बघते आहे. पेशाने मी हिशेबनीस. शिडी लावली की वहीत नोंद करायची ही माझी सवय: तारीख, कोणत्या छपरासाठी, कशासाठी आणि किती वेळ गेला. घरातले हसतात, पण नवं छप्पर घालायचं म्हणून सल्ला मागायला येणारे शेवटी तीच वही चाळत बसतात.

नुसते आकडे सांगते. कौलांसाठी शिडी लागली ३१ वेळा, पत्र्यासाठी १४ वेळा, स्लॅबसाठी ९ वेळा. एवढंच वाचून उठलात तर स्लॅब जिंकला असं वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं, कारण मी वेळाचा रकाना जोडून बघितलाच नव्हता.

कौलांच्या ३१ पैकी २७ नोंदी अर्ध्या तासाच्या आतल्या आहेत. मांजर धावलं, कौल सरकलं, वर जाऊन नीट बसवलं, एवढंच. कौल काढायला ना ड्रिल लागतं ना मिस्त्री. खाचेत खाच अडकवून बसणारं हे कौल फ्रान्समधल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली काढलं. त्यातली हुशारी अशी की प्रत्येक कौल शेजारच्याला धरून ठेवतं, तरी एकटंही निघतं. एकदा झाडाची फांदी कोसळली ती नेमकी कौलं आणि पत्रा दोन्हींवर. ११ कौलं फुटली, ती अंधार पडायच्या आत बदलून झाली. पत्र्याला मात्र मधोमध पोचा आला आणि ६ मीटरचा अख्खा पत्रा उतरवावा लागला. नव्या पत्र्याचा रंग जुन्याशी जुळला नाही, तो पट्टा शेवटपर्यंत ठिगळासारखा दिसत राहिला.

कौलांचं मोठं काम १७व्या वर्षी निघालं. सगळी १३५० कौलं खाली घेतली, कारण रिपा, म्हणजे ज्यांवर कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्या, कुजल्या होत्या. कौलं नव्हे, रिपा! एकेक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघितलं. खणखणीत वाजलं ते ठेवायचं, बद्द वाजलं ते बाजूला. बाजूला निघाली ६८. बाकीची सगळी नव्या रिपांवर परत चढली. २४ वर्षांत ‘जुनं झालं’ म्हणून एकही कौल टाकलेलं नाही. कुजली ती लाकडं, तडकला तो आढ्यावरचा सिमेंटचा थर.

दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असायला हव्या होत्या. एक म्हणजे वजन. एक कौल साधारण अडीच किलोच्या वर भरतं, म्हणजे आमच्या मधल्या घराच्या डोक्यावर साडेतीन टन बसले आहेत. पत्र्यासाठी केलेल्या सांगाड्यावर कौलं चढवायचा विचार मनात असेल तर आधी कुणा जाणत्याकडून सांगाडा तपासून घ्या. दुसरी म्हणजे साचा. दुसऱ्या कारखान्याचं कौल दिसायला सारखं असतं, पण खाचेत बसत नाही. छप्पर घालतानाच शेकडा पाच कौलं जास्तीची घेऊन भिंतीशी रचून ठेवा. उतार कमी असेल तर मात्र कौलांच्या वाटेला जाऊच नका. वारा पाऊस उलटा वर ढकलतो आणि मग वळचणीपासून आढ्यापर्यंत कुठून गळतंय ते सापडत नाही.

आता पत्रा. पहिली दहा वर्षं मी पत्र्याची जाहिरातच करत फिरले. वहीत त्या वर्षांत एकही नोंद नाही. अकराव्या वर्षी एका थेंबाने सुरुवात झाली आणि पुढच्या दोन पावसांत बादल्या कमी पडल्या. पत्रा गळत नसतो, भोकं गळतात. स्क्रूखालचं रबरी वायसर उन्हाने कडक होऊन तडकतं. शिवाय पत्रा रोज हलतो. ६ मीटर लांबीचा लोखंडी पत्रा तापमानात ४० अंशांचा फरक पडला की जवळजवळ ३ मिलीमीटर वाढतो, रात्री पुन्हा आखडतो. भर उन्हात छपराचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, त्यामुळे ४० अंश हा काही अचाट आकडा नाही. हे रोज, वर्षानुवर्षं. भोक लांबट होणारच.

शिवाय तो पत्रा हलक्या प्रतीचा होता, हे मला नंतर कळलं. लोखंडावर जस्त चढवायचं पेटंट सोरेल यांनी फ्रान्समध्ये १८३७ साली घेतलं, आणि तत्त्व अजून तेच आहे: आधी जस्त झिजतं, तोवर लोखंड वाचतं. म्हणजे पत्र्याचं आयुष्य म्हणजे त्यावरच्या जस्ताचं आयुष्य. दर चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त हा आकडा ऐकायला भारदस्त वाटतो, पण तो दोन्ही बाजूंचा मिळून असतो. एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) येतात. २७५ ग्रॅमचा घेतला तर १९. दुकानात सगळे जाडी विचारतात, लेप कुणी विचारत नाही.

१३व्या वर्षी पत्रा बदलला. या वेळी अ‍ॅल्युमिनियम-जस्ताच्या लेपाचा रंगीत पत्रा घेतला. या लेपात अ‍ॅल्युमिनियम ५५ टक्के असतं आणि साध्या जस्तापेक्षा तो बराच टिकतो. माल चांगला होता, बसवणाऱ्याने वाट लावली. त्याने पत्रे छपरावरच ग्राइंडरने कापले. कापताना उडालेला तापलेला कीस रंगात रुतून बसला आणि चार महिन्यांत नव्याकोऱ्या पत्र्यावर तांबडे ठिपके उमटले, जणू गोवर आला. कापलेली कडही जळली होती. मी वॉरंटीचा कागद काढला आणि तो पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत वाचला. पत्र्याला गंजून आरपार भोक पडलं तर भरपाई, तीही वर्षागणिक कमी होत जाणारी. कापलेली कड, ग्राइंडरचा कीस, स्क्रूपाशी गळती, रंग विटणं, यातलं काहीच त्यात बसत नव्हतं. उलट वळचणीखालचा जो भाग पावसाने धुतला जात नाही तो तुम्ही स्वतः धुवत राहा, अशी अट होती! बसवणारा ‘लिहून द्या’ म्हटल्यावर फोन उचलेनासा झाला. तेव्हापासून विचारायला येणाऱ्याला मी हेच सांगते: पत्रा जमिनीवर आणि कातरीनेच कापून घ्या आणि वॉरंटी आगाऊ रक्कम देण्याआधी वाचा.

स्लॅबच्या ९ नोंदींचं काय? त्यातल्या पाच किरकोळ आहेत, पाण्याच्या निकासाच्या तोंडाशी अडकलेला पाचोळा वगैरे. उरलेल्या चारांत मिळून ७१ दिवस गेले. स्लॅब बिघडतो तो आतून. बारीक चिरेतून पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि तो खालचं काँक्रीट फोडून काढतो. पहिल्यांदा आम्ही वरून कसलंसं रसायन फासलं, दोन वर्षं बरं गेलं. मग एके रात्री छताचा ताटाएवढा पोपडा पलंगावर पडला, नशिबाने तेव्हा त्यावर कुणी नव्हतं. त्यानंतर सळया उघड्या करून घासणं, लेप देणं, पुन्हा भरणं, वर कोबा, म्हणजे पाणी अडवणारा थर. स्लॅब फुटल्याचं कळेपर्यंत तो बराच फुटलेला असतो, हा माझा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप. कौलातून आभाळ दिसलं तर निदान ते लगेच दिसतं. आणि १२५ मिलीमीटर जाडीच्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातं, तो काही उतरवून परत चढवता येत नाही. तरीही वर माळा चढवायचा असेल, वाळवणं घालायची असतील, वादळी वाऱ्याची भीती असेल, तर स्लॅबला पर्याय नाही हे मान्य.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात, कारण ते माझ्या डोक्यावर नाहीत. अ‍ॅस्बेस्टॉसवाले जुने सिमेंटचे पत्रे स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. त्यांच्या तंतूंनी कॅन्सर होतो आणि युरोपीय संघात त्यांच्यावर २००५पासून बंदी आहे. आधीपासून छपरावर असतील तर फोडू नका, भोकं पाडू नका. डांबरी शिंगल्स, म्हणजे वर बारीक खडी चिकटवलेल्या डांबराच्या पातळ चकत्या, माझ्या बहिणीकडे आहेत. दिसतात झकास, पण पन्हळीत दरवर्षी मूठभर खडी जमा होते, ती म्हणजे छपराचीच झीज. पाटीच्या दगडाचं छप्पर शंभर वर्षांच्या पुढे जातं, पण तिथेही दगडाआधी खिळे जातात, म्हणून जाणकार तांब्याचे खिळे वापरतात.

सौर पॅनेल लावायचा विचार असलेल्यांसाठी एक पोटनोंद. पॅनेलना सहसा २५ वर्षांची हमी असते. खालच्या पत्र्याची दहाच वर्षं उरली असतील तर पॅनेल उतरवून परत चढवायचा खर्च आजच धरा. आम्ही याच कारणाने थांबलो आहोत.

कारण पडवीचा ठिपकेवाला पत्रा यंदा उतरतो आहे. त्याच्या जागी पुन्हा पत्राच येणार, तिथला उतार कौलांना पुरत नाही. पण आता घडीत लपणाऱ्या चिमट्यांचा, वरून भोक न पाडता बसणारा. कडेला आणि आढ्याशी स्क्रू लागतीलच. त्यांचा एक जादा संच वायसरांसकट आत्ताच घेऊन बंद डब्यात अंधाऱ्या कपाटात ठेवला आहे आणि डब्यावर बदलायचं साल लिहिलं आहे. जुन्या पत्र्यातला बरा तुकडा कापून रचलेल्या ४३ जादा कौलांवर झाकला. कातरीने कापला.