पापणीवरचा इसब: स्टेरॉइडचं मलम की टॅक्रोलिमस?

पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. शरीरावर इतकी पातळ कातडी दुसरीकडे कुठेच नाही, त्यामुळे हातापायाला चालणारं मलम इथे भलतंच शोषलं जातं. घरात पडलेली ट्यूब उचलून पापणीला लावणं म्हणूनच महागात पडू शकतं.

मुळात हा इसबच आहे ना, हे आधी पाहावं. पापण्यांच्या केसांच्या मुळाशी कोंडा आणि सकाळी चिकटलेले डोळे असतील तर तो बहुधा ब्लेफरायटिस, म्हणजे पापणीच्या कडेची सूज. त्याला कोमट शेक आणि पापण्यांच्या कडांची रोजची सफाई लागते. खालची सगळी चर्चा त्याच्यासाठी नाही. एकाच बाजूला दुखरे, पाण्याने भरलेले फोड आले तर नागीण किंवा हर्पिस असू शकतं. तिथे स्टेरॉइड घातक ठरू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वरच्या पापणीवर लाल, खरखरीत, सतत खाजणारा पट्टा दिसला, की मग इसबाचा विचार.

सौम्य स्टेरॉइड म्हणजे साधारण १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन. याची खरी ताकद वेग: एक-दोन दिवसांत खाज उतरते. पण हा पाहुणा आठवडाभराचाच. लांबलं तर कातडी आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि औषध डोळ्यात झिरपून डोळ्याचा दाब वाढू शकतो. हा दाब सहसा दुखत नाही, म्हणून कळतही नाही; पुढे काचबिंदू किंवा मोतीबिंदूचा धोका असतो. क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड पापणीवर स्वतःच्या मनाने कधीच नको. निओमायसिन हे प्रतिजैविक मिसळलेली मलमंही टाळलेली बरी, कारण निओमायसिनचीच अ‍ॅलर्जी अनेकांना असते.

टॅक्रोलिमस (०.०३ किंवा ०.१ टक्का) हे स्टेरॉइड नसलेलं, कातडीतली प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया शांत करणारं मलम. ते कातडी पातळ करत नाही, डोळ्याचा दाबही वाढवत नाही. फक्त पहिले काही दिवस जबर आग होते, आणि बरेच जण नेमके तिथेच ट्यूब फेकून देतात. चेहरा धुतल्या धुतल्या न लावता कातडी पूर्ण कोरडी झाल्यावर लावलं तर आग कमी होते. दारू प्यायल्यावर मलम लावलेली जागा लालबुंद होऊ शकते, हेही माहीत असावं. २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने कर्करोगाच्या शक्यतेची ठळक सूचना त्याच्या माहितीपत्रकावर घातली. नंतरच्या अभ्यासांत तसा स्पष्ट संबंध दिसलेला नाही, तरी डॉक्टरांशी बोलूनच सुरू करावं. आग सोसतच नसेल तर त्याच जातीच्या पिमेक्रोलिमस क्रीमबद्दल विचारा.

माझा कौल असा: पहिल्यांदाच उठलं असेल तर सौम्य स्टेरॉइड, तेही मोजके दिवस. पुन्हा पुन्हा उठत असेल तर टॅक्रोलिमस, आणि सोबत पॅच टेस्ट.

ही टेस्ट मात्र लोक रक्ताच्या अ‍ॅलर्जी तपासणीशी गल्लत करून सोडून देतात. रक्ततपासणी किंवा सुई टोचून केलेली प्रिक टेस्ट लगेच उमटणारी अ‍ॅलर्जी शोधते. पापणीचा संपर्कजन्य इसब, म्हणजे एखादी वस्तू कातडीला लागून होणारा इसब, उशिरा उमटतो. म्हणून पॅच टेस्टमध्ये पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवतात, त्या काढून एकदा आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही. जाताना आपली क्रीम, शाम्पू, डोळ्यांचे थेंब सोबत न्या. आणि नेलपॉलिशही! बोटांना काहीच होत नाही, पण तीच बोटं डोळे चोळतात. जेल किंवा नकली नखांमधले अ‍ॅक्रिलेट हे रासायनिक घटक असेच पापणीवर येऊन उठतात. गुन्हेगार सापडून बंद झाला, तर दोन्ही ट्यूबची गरज पुष्कळदा संपते.

न सापडल्यास, आणि मूळचा, अंगच्या प्रवृत्तीने वारंवार उठणारा अ‍ॅटॉपिक इसब असल्यास, लाली गेल्यावरही आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस चालू ठेवायला डॉक्टर सांगतात. स्टेरॉइड वारंवार लागत असेल तर नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याचा दाब मोजून घ्या.