एका पावसाळ्यापुरती सरकारी खाती फॉलो केली, त्याचा अनुभव

जूनमध्ये एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) चार खाती फॉलो करून नव्या पोस्टची सूचना देणारी घंटी चालू केली: हवामान विभागाचं मुंबई केंद्र, मुंबई वाहतूक पोलीस, रेल्वे आणि आमची महानगरपालिका. (मी राहतो मुंबईबाहेर, नोकरी फोर्टला.) आता दिवाळी उलटली.

पैसे वसूल हवामान विभागाकडून. फक्त रंग आधी समजून घ्या. ऑरेंज अलर्ट म्हणजे सुट्टी, असं आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांना वाटतं. त्याचा अर्थ एवढाच की तयारीत राहा. रोजच्या जिल्हावार अंदाजापेक्षा मला कामाला आला तो पुढच्या तीन-चार तासांचा इशारा. संध्याकाळी पाचला तो बघूनच छत्री उचलायची की सरळ बॅग, हे ठरायचं. खोट एकच: इशारा चित्रात असतो आणि तारीख बारीक अक्षरात. सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी गेल्या वर्षीचा रेड अलर्ट टाकला आणि दहा मिनिटांत दूधवाल्याकडे रांग लागली.

मुंबई पोलीस डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर आले, ते गाजले कोट्या आणि मीम्समुळे. करमणूक म्हणून ठीक. पण वाहतूक शाखेची ‘अंधेरी सबवे पाणी साचल्याने बंद’ अशी एका ओळीची पोस्ट मला शंभर मीम्सपेक्षा प्यारी. रेल्वेबद्दल थोडक्यात: गाडीतली तक्रार असेल तर पोस्ट लिहीत बसू नका, १३९ लावा.

राहिली पालिका. जुलैत गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्याचा फोटो टाकला. वीस मिनिटांत उत्तर! ‘कृपया संपर्क क्रमांक मेसेज करा.’ केला. ‘संबंधित विभागाकडे पाठवले आहे.’ मग तीन आठवडे शुकशुकाट. पुन्हा टॅग केल्यावर फोटोसकट ‘निराकरण झाले’. फोटोत रस्ता गुळगुळीत, कडेला नारळाचं झाड. आमच्या गल्लीत नारळ नाही. हे कळवलं, तर पुन्हा ‘कृपया संपर्क क्रमांक मेसेज करा’. खातं चालवणाऱ्या पोराचा यात दोष नसावा, त्याच्या हातात फावडं थोडंच आहे? पण मग तक्रारी तिथे मागवता कशाला? ना तक्रार क्रमांक, ना कोणाची सही.

आणखी एक. आईचं एक्सवर खातं नाही. तिला यातल्या एखाद्या खात्याची लिंक पाठवली की ताज्या पोस्ट सोडून जुन्या, गाजलेल्याच समोर येतात. भर पावसात ती दोन वर्षांपूर्वीचा योग दिन बघत बसली होती.

तीन खात्यांची घंटी अजून चालू आहे, पालिकेची बंद केली. खड्ड्याचा अर्ज गेल्या सोमवारी कागदावर लिहून दिला, पोच घेतली.