स्टॉइकिओमेट्रीची (कशापासून किती बनेल याची) गणितं: त्रैराशिक, मोल की पीओएसी, सराव कशाचा करायचा?

अकरावी सायन्सला गेलं की केमिस्ट्रीच्या पहिल्याच धड्यात मोल (डझनासारखं, पण अणू-रेणू मोजायचं एकक) भेटतो आणि पोरं गोंधळतात, कारण कॉलेजात सर एका पद्धतीने शिकवतात, क्लासवाले वेगळी ट्रिक देतात आणि यूट्यूबवर तिसराच कोणीतरी दहा सेकंदात उत्तर काढून दाखवतो. पद्धती सगळ्या बरोबरच आहेत हो, उत्तर एकच येतं. फक्त तुमची परीक्षा कुठली आणि तुम्ही नेमके कुठे अडकता ते बघून ठरवायचं.

आधी आपलं शाळेतलं त्रैराशिक. 100 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट तापवलं की 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, मग 10 ग्रॅममधून किती? 4.4. विषय संपला, मोलबिल काढायची गरजच नाही. वजन दिलंय आणि वजनच विचारलंय अशा सरळ गणिताला याच्याइतकं फास्ट काहीच नाही, आणि सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्री मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत उरकायचे असतात, वर कॅल्क्युलेटर नाही, त्यामुळे याला कमी लेखू नका. पण तोच कार्बोनेट 250 मिली 0.4 मोलर (लिटरला 0.4 मोल) हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकला, किती ग्रॅम विरघळेल असं विचारलं की त्रैराशिकावर त्रैराशिक रचत बसावं लागतं. मोलने बघा: 0.25 गुणिले 0.4 म्हणजे 0.1 मोल ॲसिड, एका कार्बोनेटला दोन ॲसिड लागतात म्हणून 0.05 मोल कार्बोनेट, आणि त्याचा एक मोल 100 ग्रॅमचा, म्हणजे 5 ग्रॅम. झालं.

मोल पद्धतीचा खरा फायदा लिमिटिंग रिएजंटला, म्हणजे आधी संपणारा पदार्थ शोधताना, कळतो. 14 ग्रॅम नायट्रोजन आणि 2 ग्रॅम हायड्रोजन घेतले, अमोनिया जास्तीत जास्त किती मिळेल? मोल झाले 14 भागिले 28 म्हणजे 0.5 आणि 2 भागिले 2 म्हणजे 1. इथे बरीच पोरं नायट्रोजनचे मोल कमी दिसले की तोच लिमिटिंग धरून मोकळी होतात आणि 1 मोल अमोनिया म्हणजे 17 ग्रॅम लिहून येतात. अरे, घातलंय एकूण 16 ग्रॅम, 17 कुठून आले! एका नायट्रोजनला तीन हायड्रोजन लागतात, म्हणून मोलला समीकरणातल्या आकड्याने भागायचं, 0.5 भागिले 1 म्हणजे 0.5 आणि 1 भागिले 3 म्हणजे 0.33, ज्याचं कमी तो आधी संपणार, म्हणजे हायड्रोजन. अमोनिया 0.67 मोल, साधारण 11.3 ग्रॅम, आणि 4.7 ग्रॅम नायट्रोजन उरला. बेरीज केली की बरोब्बर 16. ही बेरीज करून बघायची सवय लावा, दोन सेकंद लागतात. बोर्डाला तर पायऱ्यांचे मार्क असतात, तिथे नुसती ट्रिक लिहून भागत नाही.

आता पीओएसी, म्हणजे प्रिन्सिपल ऑफ ॲटम कन्झर्व्हेशन, जेईईवाल्यांचं लाडकं. समीकरण बॅलन्स करायचंच नाही, एका मूलद्रव्याचे अणू सुरुवातीला किती आणि शेवटी किती एवढंच मोजायचं. पायराइटपासून सल्फ्युरिक ॲसिड करायला तीन-चार टप्पे लागतात, पण पायराइटमध्ये गंधकाचे दोन अणू आणि ॲसिडमध्ये एक, म्हणजे सगळं गंधक कामी आलं तर 120 किलो शुद्ध पायराइटमधून 196 किलो ॲसिड. मधल्या टप्प्यांशी देणंघेणंच नाही, मस्त आहे की नाही? पण तांबं आणि नायट्रिक ॲसिडला हे लावायला जाल तर फसाल, कारण थोडा नायट्रोजन कॉपर नायट्रेटमध्ये जातो आणि थोडा वायू होऊन उडतो, वाटणी किती ते बॅलन्स केल्याशिवाय नुसत्या नायट्रोजनवरून कळत नाही. असे एकाच मूलद्रव्याचे अणू दोन ठिकाणी वाटले जाताना दिसले की गुपचूप मोलवर परत यायचं.

इक्विव्हॅलंटची पद्धतही आहे, टायट्रेशनला छान चालते, पण पोटॅशियम परमँगनेटचा एन-फॅक्टर (एकेक रेणू किती इलेक्ट्रॉन घेतो तो आकडा) ॲसिडमध्ये 5, न्यूट्रलमध्ये 3, कडक अल्कलीत 1, हे रेडॉक्स नीट समजल्यावरच डोक्यात बसतं. अकरावीच्या सुरुवातीला नकोच.

मला विचाराल तर नुसतं बोर्ड आणि सीईटी असेल तर मोल पक्कं करा आणि सरळ गणितांना त्रैराशिक वापरा, पीओएसी नाही आलं तरी काही अडत नाही. नीटला चुकीच्या उत्तराचा एक मार्क कापतात, तिथेही मोलच, फक्त हात जरा वेगाने चालला पाहिजे. जेईई असेल तर मोल हाताखालचा झाल्यावर पीओएसी शिका, उलट्या क्रमाने गेलेली पोरं लिमिटिंग रिएजंटला हमखास लटकतात.

आणि कुठलीही पद्धत धरा, एसटीपीला (ठरलेल्या प्रमाण तापमान-दाबाला) एक मोल वायूचं आकारमान 22.4 लिटर धरलंय की 22.7 ते आधी बघा, पहिलं 1 ॲटमॉस्फिअरचं, दुसरं 1 बारचं. 0.3 मोल ऑक्सिजनचे एकाने 6.72 लिटर येतात आणि दुसऱ्याने 6.81, आणि पर्यायांत दोन्ही असले तर मोल बरोबर काढूनही मार्क जायचा.