एक संध्याकाळ, दोन हुकूमशाह्या: फिल्म सोसायटीने काय लावावं?

विषय हुकूमशाहीतला प्रायोगिक राजकीय सिनेमा आणि हाताशी एकच संध्याकाळ. अशा वेळी या दोघांतून निवड करावी: अर्जेंटिनाचा ‘ला ओरा दे लोस ओर्नोस’ (१९६८) किंवा स्पेनचा ‘व्हाम्पिर-क्वादेकुक’ (१९७०).

पहिला फर्नांडो सोलानास आणि ओक्तावियो गेतिनो यांनी जनरल ओंगानियाच्या लष्करी राजवटीत लपूनछपून चित्रित केला. तीन भाग, चार तासांहून मोठा. तिथे तो १६ मिमी फिल्मच्या प्रतींवरून घरांत, कामगारांच्या बैठकांत गुपचूप दाखवला जाई. मध्येच प्रोजेक्टर थांबवून प्रेक्षकांनी बोलायचं, ही सोय चित्रपटातच आहे. तो सलग लावला की ही सोयच मरते आणि लोक दमून निघून जातात. पहिला भाग तेवढा लावा, सुमारे दीड तासाचा, आणि चर्चेला तासभर मोकळा ठेवा. कत्तलखान्याची दृश्यं आणि चकचकीत जाहिराती यांची त्यातली सरमिसळ अंगावर येते, प्रेक्षकांना आधी कल्पना द्या. शेवटी मृत चे गेव्हाराचा चेहरा काही मिनिटं पडद्यावर तसाच राहतो. ‘चित्र अडकलं’ म्हणून ऑपरेटर हमखास रिमोट उचलतो, त्यालाही सांगून ठेवा. पडद्यावरचा मजकूर, निवेदन आणि सबटायटल एकदम येतात, त्यामुळे पडद्याची खालची कड मागच्या रांगेतून दिसायलाच हवी.

दुसरा पेरे पोर्ताबेयाचा, जेमतेम सव्वा तासाच्या आतला. जेस फ्रँको ड्रॅक्युलावर चित्रपट करत होता, नायक ख्रिस्तोफर ली. (स्पेनचा तेव्हाचा हुकूमशहा फ्रँको याच्याशी या दिग्दर्शकाचं नातं नाही, हा प्रश्न येतोच.) त्याच सेटवर पोर्ताबेयाने १६ मिमीवर कृष्णधवल चित्रण केलं. काळं-पांढरं इतकं टोकाचं की मधल्या करड्या छटा जवळपास नाहीतच. प्रोजेक्टर ‘व्हिव्हिड’ मोडवर असेल तर चेहरे पुसले जातात; ‘सिनेमा’ मोड ठेवा. संगीतकार कार्लेस सांतोसच्या ध्वनिपट्टीत ड्रिल, जेट विमानं, ऑपेरा असं सगळं आहे. स्पीकर बिघडलेला नाही! अगदी शेवटचा भाग सोडला तर बोलणं नाहीच, म्हणून सबटायटलचीही फारशी अडचण नाही. धूर सोडणारी, कोळिष्टकं उडवणारी यंत्रं चौकटीतच दिसतात. भीती कशी तयार केली जाते ते हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये असं उघडं करून दाखवणं, हेच त्यातलं राजकारण. सुरुवातीला पाच मिनिटं हे सांगितलं नाही, तर प्रेक्षक त्याला शूटिंगची गंमत समजून उठतात.

आमचं मत अर्जेंटिनाच्या बाजूने. मुळात तो बोलणाऱ्या माणसांसाठीच बनवलेला आहे, आणि विद्यार्थी किंवा कार्यकर्ते असतील तर दुसरा विचारच करू नये. पण चर्चा सांभाळणारा जाणकार मिळत नसेल किंवा हॉल दोनच तास असेल, तर पोर्ताबेया लावा. प्रत मागवताना एक पाहा: १९७३ साली अर्जेंटिनात ‘ला ओरा दे लोस ओर्नोस’ उघडपणे प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या भागाचा शेवट बदलला होता. चेचा तो लांबलेला चेहरा तुमच्या प्रतीत आहे ना, हे आधी चालवून बघा.