गंजलेले ब्रेक ड्रम आणि हाताने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर : ११ महिन्यांनंतर

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस वडोदऱ्यातल्या विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडली आणि कारेलीबागेत आमच्या अंगणातली बाबांची अँबॅसिडर दोन दिवस पाण्यात राहिली. हँडब्रेक ओढलेला होता. घर धुण्यापुसण्यातच दिवाळी आली. मग हँडब्रेक सोडून गाडी ढकलून पाहिली, तर मागची चाकं तसूभर हलेनात.

हा इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे मागून हातोडा मारून अडकलेले स्क्रू सोडवायचं हत्यार, तेव्हा घेतला, ७८० रुपयांना. चाकांच्या नटांना त्याची गरज पडली नाही. तीन संध्याकाळी गंज सोडवणारं तेल सोडलं, गाडी जमिनीवर असतानाच पान्याला लांब पाईप लावला, नट सुटले. रिम हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) चिकटली होती, ती आतल्या बाजूने टायरवर लाकडी ठोकळा ठेवून आलटून पालटून ठोकल्यावर निघाली. गाडी स्टँडवर पक्की असल्याशिवाय हे करू नका.

खरी लढाई प्रत्येक ब्रेक ड्रमच्या दोन स्क्रूंशी. त्यांची डोकी ड्रममध्ये बुडालेली असतात, पाना बसत नाही. आधी आलेल्या मेकॅनिकने साध्या स्क्रू ड्रायव्हरने जोर लावून एकाची खाच पार खाल्ली होती, तो शेवटी ड्रिलनेच काढावा लागला. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण उरलेले तिन्ही या ड्रायव्हरने शाबूत निघाले. मागून हातोडा बसला की आतली यंत्रणा त्याच घावाचं किंचित फिरणं करते, आणि बिट (पुढचं बदलता येणारं टोक) त्याच क्षणी खाचेत दाबला जातो, म्हणून निसटत नाही. पहिले पाच-सहा घाव काहीच झालं नाही. मग बारीक 'टक' असा आवाज आला आणि स्क्रूभोवती तपकिरी भुकटीची गोल रेघ उमटली. तिथून तो हाताने फिरला. दिशेची खूण आधी बघा, नाहीतर तुम्ही स्क्रू अजून आवळत बसाल.

स्क्रू गेले तरी ड्रम येत नव्हता, कारण ब्रेक शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या कमानी) आतून चिकटलेले. हँडब्रेकची केबल सोडली, शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा अ‍ॅडजस्टर मागे फिरवला, मग हबच्या जवळ चहूबाजूंनी हलके ठोके दिले. कडेवर मारू नका, बीड तडकतं. आतली धूळ फुंकून उडवू नका. शूवरच्या जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून मी ती ओल्या फडक्यानेच पुसली. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे पिस्टन गंजून बसलेले होते, ते नवेच घातले. ब्रेक ऑइलही बदललं, ते पाणी शोषतं.

तक्रार एकच: सोबतचे बिट मऊ आहेत. दुसऱ्याच स्क्रूला एकाचं टोक उडालं. चांगला बिट वेगळा विकत घ्या, दांडा मात्र दणकट आहे. ११ महिन्यांत शेजारच्या काकांची व्हॅन आणि आमच्या फाटकाच्या बिजागऱ्याही याच्यानेच खोलल्या.

बसवताना स्क्रूच्या आट्यांना आणि हबच्या तोंडाला तांब्याच्या ग्रीसचा पातळ हात दिला होता, शूजवर एक थेंबही जाऊ न देता. परवा दोन्ही ड्रम पुन्हा उघडले. स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरनेच सुटले. पावसाळ्यात आता हँडब्रेक ओढत नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली वीट सरकवतो.