पावसाळ्यात घेतलेला माउंट

जुलै 2025 मध्ये मी एक जुना इक्वेटोरियल माउंट, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी मोटरची बैठक, 52,000 रुपयांना घेतला. दुर्बीण होती, कॅमेरा होता, अडलं होतं ते माउंटपाशीच. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. दुर्बीण ताऱ्यांच्या चालीने सरकत राहिली नाही तर दीर्घिकेचा फोटो निघतच नाही. माझ्या दुर्बिणीचं वजन पेलेल असा नवा माउंट लाखाच्या पुढं जातो. हे पैसेच तीन वर्षं साठवत होतो.

विकणारा फोनवर गोड बोलायचा. "सर, मी मूळचा कोरेगावचा. आपल्या साताऱ्याच्या माणसाला फसवून कुठं जाणार?" पुरावा म्हणून त्याने एम 101 दीर्घिकेचा फोटो पाठवला. सप्तर्षींतल्या मरीची-वसिष्ठांजवळची, सुमारे 2 कोटी प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका इतकी फिकट आणि पसरट, की तासन्‌तास एक्सपोजर जमवल्याशिवाय तिच्या भुजा उमटत नाहीत. "याच माउंटवर, यंदाच्या मार्चमध्ये काढलाय," म्हणाला. वर 15 दिवसांची हमी, पटला नाही तर परत.

साताऱ्यात जुलैचे 15 दिवस म्हणजे काय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. यवतेश्वरचा डोंगर दिवसदिवस ढगात. खोका आला, मोटर चालू करून आवाज ऐकला, नीट वाटला, माउंट कपाटात गेला.

पहिली स्वच्छ रात्र मिळाली दिवाळीनंतर. चाळकेवाडीच्या पठारावर अक्ष ध्रुवाशी जुळवला (आपल्याकडे तो क्षितिजापासून साडेसतरा-अठरा अंशच वर असतो) आणि दुर्बीण देवयानी दीर्घिकेवर लावली. दोन मिनिटांचं एक्सपोजर घेतलं, तर स्क्रीनवर सगळे तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट. पुन्हा जुळवलं, वजनं सारखी केली. पहाटे तीनपर्यंत तेच.

घरी येऊन माउंटचं झाकण उघडलं. आत ताज्या, घट्ट ग्रीसचा थर होता. फडक्याने पुसला, तेव्हा पितळी चाकाचे सहा-सात दाते झिजून गुळगुळीत झालेले दिसले. ग्रीस नेमकं तिथंच जाड थापलेलं. अडाण्याला हे सुचणार नाही. दूरच्या दीर्घिकेसाठी माणूस किती रात्री जागतो हे माहीत असलेल्यानेच हे केलं, म्हणून जास्त लागलं.

मग तो फोटो मोठा करून पाहिला. एका भुजेत, नकाशात नसलेला एक ठळक तारा! जपानचे हौशी खगोलनिरीक्षक कोइची इतागाकी यांना 19 मे 2023 रोजी दिसलेला सुपरनोव्हा तो, म्हणजे स्फोट होऊन काही काळ झळकणारा आणि मग फिकट होत जाणारा तारा. मार्च 2025 मध्ये तो इतका ठळक दिसणं शक्यच नाही. फोटो दुसऱ्याच कुणाचा, जुना.

त्याचा फोन बंद. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

जुना माउंट घेणार असाल तर फोटोवर जाऊ नका, कॅमेऱ्यातली मूळ, संस्कार न केलेली रॉ फाइल मागा, तिच्यात तारीख असते. जमलं तर समक्ष जा. क्लच (अक्ष जागीच धरणारी पकड) घट्ट करून वजनाची दांडी हलक्या हाताने हलवून बघा, खडखड हाताला कळते. त्याला आकाश लागत नाही, भर पावसातही होतं. हमीचे दिवस ऑक्टोबरपासून मोजायचे, हे आधीच लिहून घ्या.

गेल्या आठवड्यात दुसऱ्याच नंबरवरून एका माउंटची जाहिरात दिसली. सोबत तोच एम 101, भुजेत तोच तारा.